वावरातल्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुरांचं घर सरकारी मोजणीत कुठं धरतात?

कापूसकाठी
नमस्कार मंडळी. माझं वावर हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या अंगाला, साडेआठ एकर. दरसाल दसऱ्याच्या मागंपुढं मेळघाटातून एक टोळी माझ्याकडं आणि शेजारच्या दोन वावरांत येते. बारा-तेरा माणसं, लेकरं धरून. आधी सोयाबीन सोंगणी, मग कापूस वेचणी, मग हरभरा, आणि होळीच्या आधी परत. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने ते माझ्या वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये राहतात.

परवा ग्रामपंचायतीत बसलो होतो तर जनगणनेचा विषय निघाला. घरयादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. मी सहज विचारलं की माझ्या शेडमधल्या लोकांचं कसं करायचं, तर तिथं बसलेले एक कर्मचारी म्हणाले ते बाहेरचे आहेत, त्यांच्या गावात होईल त्यांचं. मी गप्प बसलो पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. अहो फेब्रुवारीत ते त्यांच्या गावात नसतातच ना, माझ्याकडं हरभरा काढत असतात.

तर माझा प्रश्न असा की शेतमजूर कामाच्या जागी कुठं राहतो, कसा राहतो याचा सरकारनं कधी अभ्यास केलाय का? कुणाला माहिती असेल त्यांनी सांगा. आणि तुमच्याकडे मजूर कुठं राहतात तेही लिहा, जसं आहे तसं लिहा. माझं मी आधी सांगतो. शेड १२ बाय १४ फूट, वर टिना, तीन बाजूंनी विटा, एका बाजूनं पऱ्हाटीचा कूड. लाईट नाही. पाणी विहिरीचं. संडास नाही. एका कोपऱ्यात फवारणीचे पंप आणि औषधाचे डबे ठेवलेले असतात. लिहिताना बरं वाटत नाही पण आहे ते असं आहे.

पांढरकवडा_एक्सप्रेस
भाऊ बाकी चर्चा मंग, पहिले ते औषधाचे डबे तथून हालव. आजच हालव. २०१७ ले आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, दवाखान्यात पाय ठेवाले जागा नव्हती, मी सोता पाह्यलं हाय. ते फवारताना झालं, मान्य. पण ज्या खोलीत लेकरं झोपतात त्याच खोलीत डबे ठेवनं म्हंजे काय, वास तं रातभर नाकात जातेच ना.

कापूसकाठी
हालवतो दादा. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कुलपात ठेवतो.

गुरुजी_दारव्हा
मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. २०११ च्या जनगणनेत प्रगणक होतो, दोन्ही टप्प्यांत काम केलं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर देऊ शकतो.

पहिला टप्पा घरयादीचा. आमच्याकडे तो २०१० च्या उन्हाळ्यात झाला. त्यात घराबद्दलचे सगळे प्रश्न असतात. भिंत कशाची, छप्पर कशाचं, जमीन शेणाची की फरशीची, खोल्या किती, पिण्याचं पाणी कुठून, दिवा कशाचा, संडास, न्हाणी, स्वयंपाक कुठं करता, चुलीत काय जाळता. दुसरा टप्पा ९ ते २८ फेब्रुवारी २०११. त्यात माणसांचे प्रश्न, म्हणजे वय, शिक्षण, काम, जन्म कुठं, आधी कुठं राहत होता. त्या टप्प्यात घराबद्दल काही नसतं.

आता तुमच्या टोळीला हे लावून पाहा. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते मेळघाटात आपल्या घरी असतात, तेव्हा घरयादीवाला त्यांच्या गावच्या घराचं छप्पर आणि भिंती लिहून घेतो. त्याच वेळी तुमचं शेड रिकामं असतं, म्हणून त्यावर "रिकामे" किंवा "इतर वापर" असं पडतं. फेब्रुवारीत ते तुमच्या शेडमध्ये असतात, पण तेव्हा फक्त माणसं मोजायची असतात. म्हणजे ज्या छपराखाली ते पाच महिने काढतात त्याबद्दलचा प्रश्न त्यांना कधीच कुणी विचारत नाही. यात कुणाची लबाडी नाही, दोन टप्प्यांच्या तारखाच तशा आहेत. मी स्वतः त्या वेळी एका वावरातल्या खोपडीवर "रिकामे" लिहिलं होतं आणि मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. आज तुमची पोस्ट वाचून आठवलं.

पांढरकवडा_एक्सप्रेस
गुरुजी हे तं मले आज समजलं. म्हंजे घर मोजतेत तवा मानूस नाही न् मानूस मोजतेत तवा घर नाही.

वरुडचा_संत्रावाला
गुरुजी, पण बेघरांची एक वेगळी रात्र असते ना?

गुरुजी_दारव्हा
असते. २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी केली. रस्त्याकडेला, मोठ्या पाइपात, पुलाखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर झोपणारे. देशात १७ लाख ७३ हजार निघाले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर. पण ज्याला छप्पर आणि भिंती आहेत असं शेड असेल तर तो माणूस बेघर ठरत नाही. गोठ्यात राहत असला तरी तो कागदोपत्री घरातच आहे.

धारणीची_लेक
मी कोरकू आदिवासी आहे. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं गाव, आता अमरावतीला नर्स आहे. नेहमी नुसती वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आईबाबांबरोबर दर्यापूरकडे जात होते. पाच हंगाम गेले. आम्हाला शेड नव्हतं, कोठा होता. एका बाजूला बैल, मधे वैरण, दुसऱ्या बाजूला आम्ही. लोकांना वाटतं बैलांचा त्रास होत असेल. खरं सांगते, पौषाच्या थंडीत बैलांची ऊब लागायची, आम्ही भावंडं मुद्दाम त्यांच्या अंगाला सरकून झोपायचो. त्रास पाण्याचा होता. तो भाग खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी खारट. मालकाच्या घरी नळाचं पाणी यायचं, ते गावात दीड किलोमीटरवर. आई दिवसभर वेचा करून संध्याकाळी डोक्यावर गुंडी घेऊन जायची. ती नाही गेली तर आम्ही खारं पाणी प्यायचो आणि माझ्या धाकट्या भावाला हगवण लागायची. एका वर्षी तो फार आजारी झाला होता, वाचला.

दुसरं म्हणजे कोठ्याला दार होतं पण कडी बाहेरून. ढोरांसाठी बांधलेलं ना, ढोरं आतून कडी लावत नाहीत. आई रोज रात्री बैलाच्या दाव्यानं दार आतून खुंटीला बांधायची. बाबा पाणी ओलायला रात्रीच्या पाळीला गेले की ती जागीच असायची. मला लहानपणी कळायचं नाही की आई का झोपत नाही.

मालक वाईट नव्हते, हे मुद्दाम लिहिते. दिवाळीला त्यांच्याकडून करंजी, चिवडा यायचा, भावाला दवाखान्यात त्यांनीच मोटरसायकलवर नेलं. पण कोठ्यात माणसं राहतात म्हणून कोठ्यात काही बदलावं हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नाही आणि आम्हीही कधी बोललो नाही. बोलायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून सर्वे करायचा असेल तर मेटला, म्हणजे टोळीच्या मुकादमाला, विचारून होणार नाही. मेट पुरुष असतो, तो सांगेल सब ठीक है. बायांना विचारावं लागेल, आणि मालक समोर नसताना विचारावं लागेल.

समुद्रपूरची_आशा
ताई वाचून डोळे भरले. तुमच्या आईला नमस्कार.

कापूसकाठी
ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. तीनदा वाचलं.

वरुडचा_संत्रावाला
ताईंच्या लिहिण्यावर काही बोलायचं नाही, ते खरं आहे. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून मांडतो, राग मानू नये.

समजा सर्वे झाला, चांगलं आहे. सर्वेनंतर काय होणार? नोटीस येणार की शेतकऱ्यानं मजुरांना खोली बांधून द्यावी. कोणता शेतकरी? २०२५-२६ चा कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल, त्यात माझ्याकडे वेचणीलाच किलोमागे बारा रुपये जातात, वर बियाणं, खत, फवारणी. पाच एकरवाल्याचं स्वतःचं घर गळतं. माझा चुलतभाऊ स्वतः टिनाखाली राहतो. त्याला सांगणार का की मजुराला फरशी टाक?

आणि संत्र्याचं तर आणखी वेगळं. माझी बाग मी झाडावरच व्यापाऱ्याला देतो. तोडणीची माणसं व्यापारी आणतो, कुठून आणतो मला माहीत नसतं, दहा-पंधरा दिवस बागेत पाल ठोकून राहतात आणि जातात. मालक कोण? मी, का व्यापारी, का त्यांचा मुकादम? सर्वेवाल्यानं कोणाचं नाव लिहायचं?

ॲडव्होकेट_माय
संत्रावाले भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि कायदासुद्धा तिथंच अडकतो.

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदारानं परराज्यातून आणलेले पाच किंवा जास्त कामगार असले की तो लागू. राहायची योग्य सोय करणं हे त्यात ठेकेदाराचं कर्तव्य होतं. केंद्राच्या १९८० च्या नियमांत तर मापंसुद्धा दिलेली होती. कुटुंब असेल तर किमान १० चौरस मीटरची खोली, पुढं वऱ्हांडा, स्वयंपाकाला वेगळी झाकलेली जागा, आणि तीन खोल्यांमागे एक संडास, एक न्हाणी. वाचायला फार छान वाटतं. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि पाचाचे दहा झाले.

पण दोन गोष्टी बघा. एक, आंतरराज्य हा शब्द. बैतूलचा माणूस वरुडला आला तर तो आंतरराज्य, कारण मधे मध्य प्रदेशची हद्द. धारणीचा माणूस हिंगणघाटला त्याच्यापेक्षा कितीतरी लांब येतो पण जिल्हा बदलला, राज्य नाही बदललं, म्हणून तो यात येतच नाही. दुसरं, छोट्या शेतकऱ्याकडं दहा माणसं सलग नसतात, एकच टोळी तीन वावरांत वाटलेली असते. म्हणून कायद्याच्या दृष्टीनं कापूसकाठी भाऊंची टोळी कुठंच नाही.

आणि म्हणूनच अभ्यास आधी व्हावा असं माझं मत. शेतकऱ्याच्या अंगावर बोजा टाकायचा की सरकारनं सामायिक निवारा बांधायचा, हे ठरवायला आधी किती माणसं, किती महिने, कुठल्या गावात, कशा जागेत हे कळायला तर हवं.

कापूसकाठी
१० चौरस मीटर म्हणजे जवळपास १०७-१०८ चौरस फूट, बरोबर ना? माझं शेड १६८ चौरस फूट आणि त्यात चार कुटुंबं. नियमाच्या मापानं दीडच खोली होते, तिथं चार चुली मांडतात. पाहिजे होत्या चार खोल्या, एक वऱ्हांडा आणि दोन संडास.

पांढरकवडा_एक्सप्रेस
भाऊ चार खोल्या न् वऱ्हांडा असन तं मीच येतो राहाले, मेव्हण्यानं घरातली माही खाट बळकावली हाय दिवाळीपासून 😄

तांडा_पुसद
आमच्या तांड्यातली निम्मी घरं दिवाळी झाली की कुलूप. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला. तिथं कोप्या असतात, बांबू आणि चटई नाहीतर ताडपत्री, वाकून आत जायचं, आत उभं राहता येत नाही. कारखान्याच्या मोकळ्या जागेत शेपाचशे कोप्या एका ठिकाणी. एक फरक मात्र आहे, ऊसवाले एका जागी दिसतात म्हणून त्यांच्यावर निदान बोललं तरी जातं. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा विषय २०१९ ला निघाला तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ बायांची पाहणी झाली, १३,८६१ बायांचं ऑपरेशन झालेलं निघालं. आता महामंडळही आहे गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं, पोरांसाठी वसतिगृहाची योजना आहे. किती पोचतं ते सोडा, पण मोजलं म्हणून आकडा आला आणि आकडा आला म्हणून कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं. कापूस वेचणारा चार-चार, दहा-दहाच्या टोळीनं वावरावावरांत पांगलेला, त्याला कोण बघणार.

आकडेवारी_अकोला
मी अर्थशास्त्र शिकवतो त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो, पण कामाचं आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ६४ वी फेरी, २००७-०८. त्यात अल्पकालीन स्थलांतर वेगळं विचारलं होतं, म्हणजे वर्षात एक महिना ते सहा महिने कामासाठी बाहेर राहिलेला माणूस. कापूसकाठींची टोळी अगदी यात बसते. पण प्रश्न काय होते, किती वेळा गेलात, कुठं गेलात, कोणत्या उद्योगात काम केलं. तिथं राहिलात कशात, हा प्रश्न नव्हता. नंतर जुलै २०२० ते जून २०२१ च्या श्रमबल पाहणीत स्थलांतर पुन्हा घेतलं, त्यात देशातलं स्थलांतराचं प्रमाण २८.९ टक्के आलं, पण त्यात मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायांचा असतो.

घरांची पाहणी वेगळी झाली, ७६ वी फेरी, जुलै ते डिसेंबर २०१८. पाणी, स्वच्छता, घरांची अवस्था. त्यात कुटुंब जिथं नेहमी राहतं ते घर धरतात.

२०१५ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं स्थलांतरावर कार्यगट नेमला, पार्थ मुखोपाध्याय अध्यक्ष, २०१७ च्या जानेवारीत अहवाल आला. चांगला अहवाल आहे, रेशन, शिक्षण, नोंदणी सगळ्यावर आहे. पण मंत्रालयच शहरी असल्यामुळे घराच्या बाबतीत नजर शहराकडं. लॉकडाऊननंतर २०२० ला भाड्याच्या घरसंकुलांची योजना आली तीही शहरांसाठी. ई-श्रम २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, ३० कोटींच्या वर नोंदणी आहे, कामाचा प्रकार आणि पत्ता त्यात आहे, छप्पर नाही. म्हणजे स्थलांतर मोजणारी एक पाहणी, घर मोजणारी दुसरी, आणि ही दोन एकमेकींना भेटतच नाहीत. गुरुजींनी जनगणनेबद्दल जे सांगितलं तेच सगळीकडं.

हरभरेवाला_चिमूर
पण आता सोंगणीला माणसं लागतात कुठं? आमच्याकडं दोन वर्षांपासून हार्वेस्टर फिरते, एकर झटक्यात मोकळा.

कापूसकाठी
सोयाबीनला चालते. कापूस कोण वेचणार? आणि पाऊस पडून वावर ओलं असलं की हार्वेस्टर रुतते, मग माणसंच.

हरभरेवाला_चिमूर
हे मान्य. मागच्या सालीच माझं रुतलं होतं, दोन ट्रॅक्टर लावून ओढलं.

पांढरकवडा_एक्सप्रेस
कुटार पन खराब होते हार्वेस्टरनं. ढोरं तोंड लावत नाही.

वरुडचा_संत्रावाला
कुटाराचा वेगळा धागा काढा राजेहो 😄

झाडीपट्टीचा_गडी
आमी उलट बाजूचे. सिंदेवाही तालुक्यातून बाया-मानसं धान निंगालं का तेलंगणात मिरची तोडाले जातेत, खम्मम, वारंगलकडे. माही बहीन सात-आठ वर्सं जाते. तथी शेड नाही न् कोठा नाही. मिरचीच्या वावरात नाहीतर धुऱ्यावर ताडपत्री बांधतेत, चार काठ्या न् वर ताडपत्री, झाला बंगला. अंगाले मिरचीची आग, हात रात्री जळतेत, आंघोळीले पानी मोजून. बहीन म्हनते पह्यले चार दिवस झोप येतच नाही.

लॉकडाऊनमदे हे सगळे तथीच अडकले. किती लोकं चालत आले. तवा आमच्या गावात नावं लिवून घेतली होती का कोन कुठी हाय. म्हंजे लिवता येते ना. कोरोना गेला न् थे वही बी गेली.

आन् आमच्याकडे एक भेव अजून हाय, वाघाचं. चंद्रपूर जिल्ह्यात उघड्यावर झोपनं म्हंजे काय थे आमाले इचारा. बाहेरून येनाऱ्या टोळीले तं जंगल कोन्या बाजूनं हाय हे बी माहीत नसते. पहाटे बाया बाहेर बसाले जातेत तवाच जीव मुठीत. संडास हा आमच्याकडे लाजेचा नाही, जिवाचा विषय हाय.

समुद्रपूरची_आशा
झाडीपट्टीच्या दादांचं पटलं. मी आशा आहे, माझंही ऐका.

सर्वेवाले म्हणतात हे लोक सापडत नाहीत. मला सापडतात. पोलिओच्या वेळी आम्हाला वीटभट्टी, पालं, वावरातल्या टोळ्या, सगळीकडं जावं लागते, एक लेकरू सुटलेलं चालत नाही. मी बॅग घेऊन नाल्यातून, चिखलातून जाते. त्यामुळं माझ्या वहीत दरवर्षी असते की कोणाच्या वावरात किती कुटुंबं, किती लेकरं पाच वर्षांखालची. महिला व बालविकासवाल्यांनी स्थलांतरितांचा माग ठेवायला ॲपही काढलेलं आहे, अंगणवाडीताई त्यात नोंद करतात की गरोदर बाई, लेकरू कुठून आलं, कुठं गेलं, म्हणजे आहार दुसऱ्या गावात मिळावा. मग त्याच नोंदीत चार रकाने वाढवायला काय हरकत आहे? पाणी कुठून, संडास आहे का, लाईट आहे का, किती जण एका खोलीत. रोज जाणारी बाई आहे आधीपासून. पण आशाला आणखी एक काम द्यायचं तर त्याचे पैसेही द्या, हेही लिहून ठेवते, नाहीतर सगळे सर्वे आमच्याच डोक्यावर.

मागच्या जानेवारीत एका वावरात आठवा महिना लागलेली बाई होती. शेडमध्ये खालून ओल. मी मालकाला म्हटलं बाळंतपण इथं नको, त्यांनी त्यांच्या घराच्या ओसरीत तिला जागा दिली. विचारलं तर लोक करतात. विचारणारं माणूस लागतं.

फ्रेस्नोचा_अकोलेकर
मी अकोल्याचा, पण बारा वर्षं कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ. आजूबाजूला द्राक्षं, बदाम, टोमॅटो, आणि काम करणारे बहुतेक मेक्सिकोकडचे. म्हणून इथलं थोडं सांगतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कामगार खात्याचा शेतमजुरांचा एक खास सर्वे आहे, १९८८ पासून चालू आहे. त्यांना पण हीच अडचण आली होती की मजुराचं घर सापडत नाही. म्हणून ते घरी जातच नाहीत, शेतमालकांच्या यादीतून निवड करून थेट शेतावर जातात, मजुराला गाठतात, आणि वर्षातून तीन वेगवेगळ्या हंगामांत जातात. मग तिथं घराचे प्रश्न विचारतात. मालकाच्या जागेत राहता की बाहेर, कसली जागा, किती खोल्या, किती माणसं. गर्दी किती ते त्यातून निघतं. पण इथंही एक भोक आहे. परदेशातून हंगामी व्हिसावर जे आणतात, त्यांना फुकट घर देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे, आणि नेमके तेच या सर्वेत धरत नाहीत.

दुसरं जुनं उदाहरण. १९३५ मध्ये पॉल टेलर नावाचे अर्थतज्ज्ञ आणि छायाचित्रकार डोरोथिया लँग इथं शेताशेतांत फिरले, लोक कसे राहतात ते लिहिलं आणि फोटो काढले. त्यांच्या अहवालांनंतर सरकारनं मजुरांसाठी पहिल्या छावण्या बांधल्या, मेरीसव्हिल आणि आर्विनला. आजही राज्याची दोन डझनांच्या आसपास हंगामी मजूर केंद्रं आहेत, साधारण सहा महिने उघडी असतात, कुटुंबासकट राहता येतं. सगळं गोड नाही, एका गॅरेजमध्ये दोन कुटुंबं मीही पाहिली आहेत. पण संत्रावाले दादांची काळजी वाचली म्हणून सांगतो, ही केंद्रं प्रत्येक शेतकऱ्याला बांधावी लागत नाहीत, ती राज्याची आहेत.

वरुडचा_संत्रावाला
असं असेल तर माझा विरोध नाही. गावात समाजमंदिर वर्षातले दहा महिने कुलपात असतं, शाळेच्या जुन्या खोल्या पडून आहेत. एक संडास-न्हाणीचा ब्लॉक आणि नळ ग्रामपंचायतीनं हंगामापुरता दिला तर तीन-चार शेतकरी मिळून वीजबिल भरू. पण मग गावातले लोक बाहेरच्यांना समाजमंदिरात राहू देतील का, हा दुसरा प्रश्न. खरं सांगतो, आमच्या गावात यावरून भांडण होईल.

धारणीची_लेक
होईल भांडण. आम्हाला गावातल्या हापशीवर पाणी भरू दिलं नव्हतं एका वर्षी, तेव्हा शेड आणि समाजमंदिर फार लांबची गोष्ट. तरी संत्रावाले दादा तुम्ही हे लिहिलंत याचं बरं वाटलं.

अजून एक. या बाहेर राहण्यामुळे गावचं घरपण सुटतं. घरकुलाच्या सर्वेला माणूस आमच्या पाड्यात आला तेव्हा निम्म्या घरांना कुलूप होतं. डोंगराळ भागात घरकुलाला १ लाख ३० हजार मिळतात, काकाचं नाव आलंच नाही. तो त्या वेळी कोणाच्या तरी वावरात कापूस वेचत होता.

तांडा_पुसद
आमच्याकडेही अगदी हेच. घरकुलवाले येतात, कुलूप पाहतात, जातात.

कापूसकाठी
बरं आता परत मूळ प्रश्नावर येतो, गुरुजी तुम्ही सांगा. फेब्रुवारी २०२७ मध्ये मी काय करायचं? त्या साली होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे, म्हणजे टोळी शंभर टक्के माझ्याकडंच असणार.

गुरुजी_दारव्हा
प्रगणक गावात आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगा की माझ्या वावरात चार कुटुंबं राहतात, चला दाखवतो. त्याला रस्ता माहीत नसतो, घेऊन जा. मोजणीच्या सगळ्या काळात ते गावापासून दूर असतील तर त्यांची नोंद जिथं आहेत तिथं व्हायला हवी, नाहीतर दोन्हीकडून सुटतील. मेटला सांगून ठेवा की गावी कुणी म्हातारं माणूस राहिलं असेल तर त्यानं यांची नावं तिकडं सांगू नयेत, नाहीतर दोनदा धरतील.

आणि घरयादीच्या वेळी शेड दाखवा. "रिकामे" लिहिलं तर लिहू दे, पण शेडला क्रमांक तरी पडेल. बाकी छपराचे प्रश्न त्या अर्जात बसणार नाहीत, ते ग्रामसभेत मांडा. आशाताईंच्या वहीतली संख्या आणि तुमच्या शेडची मापं ठरावात लिहून घ्या. आकडेवारी सर, तुम्ही प्रश्नांचा एक कागद करून द्याल का, दहाच प्रश्न, सोप्या मराठीत?

आकडेवारी_अकोला
देतो. रविवारपर्यंत इथंच टाकतो. धारणीच्या ताईंनी तो कोरकूत करून दिला तर फार बरं, मराठीतून विचारलं तर बाया बोलणार नाहीत.

धारणीची_लेक
करून देते. ऑडिओ पण करते, वाचता येत नसलं तरी ऐकता येईल.

झाडीपट्टीचा_गडी
सर त्यात वाघाचा न् जनावराचा प्रश्न टाकजा. रातच्याले उजेड हाय का म्हनून.

कापूसकाठी
कालची गोष्ट सांगतो. डबे आणि पंप हालवले, कोपरा खराट्यानं झाडून चुना मारला. मग मेटला फोन केला, इकडचं तिकडचं झालं, आणि म्हटलं जरा वहिनीला दे. तिला विचारलं की शेडमध्ये काय पाहिजे. आधी म्हणाली कुछ नहीं भाऊ, ठीक है. मी म्हटलं नाही, सांगा. खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, दरवाजे को अंदर से कडी लगा दो.

सोळा वर्षं हे लोक माझ्याकडं येतात.

पांढरकवडा_एक्सप्रेस
लाव भाऊ. चांगली जाड लाव, हलकी नोको.

कापूसकाठी
आज सकाळी सुताराला नेलं. आतून कडी आणि एक आडणा लावला. सोलरचा एक दिवा पण आणला, बाहेरच्या बाजूनं लावतो. संडासाचं ग्रामसेवकांना विचारलं, शेतातल्या जागेला योजनेतून बसते का ते पाहून सांगतो म्हणाले. गुरुवारी परत जातो.

समुद्रपूरची_आशा
गुरुवारी मला फोन करा, मी पण येते वही घेऊन.